टॅक्सीच्या दाराचें अस्तर

घोडपदेव येथें आमच्या मामांची प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी चाळीपुढें उभी असे. सन २०१९ च्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं तिच्या मागील डाव्या दाराची काच अर्ध्यावरच अडकली. सकाळीं गाडी बाहेर काढणें भाग होतें. मामांच्या घरची चूल त्या मीटरावरच चाले. कारागीर गांवीं गेलेला. तेव्हां मामांनीं स्वतःच काम आरंभिलें व बॅटरी धरण्यास आम्हांस घेतलें.

काच फिरविण्याच्या हँडलामागील वाटोळी चकती आंत दाबितांच एक बारीक पिन दिसली. ती ठोकून काढल्यावर हँडल हातांत आलें. पुढें अस्तराचा पुठ्ठा. तो खिळ्यांनीं नव्हे, तर मागून बसविलेल्या स्प्रिंगच्या क्लिपांनीं दारास धरलेला असतो. पात्यास फडकें गुंडाळून अगदीं क्लिपेजवळच उचकटावें लागतें. भलतीकडे ओढलें कीं क्लिप जागच्या जागीं राहते आणि पुठ्ठा फाटतो. मामांनीं हें बजाविलें होतें. परंतु ते चहा घेण्यास वळले, आणि आम्हांस कौशल्य दाखविण्याची बुद्धि झाली! चौथी क्लिप पुठ्ठ्याचा तुकडा घेऊनच निघाली.

मामा रागावले नाहींत. तेंच अधिक लागलें.

पुठ्ठ्यामागें प्लॅस्टिकचा कागद चिकटविलेला होता. काचेच्या फटींतून पावसाचें पाणी दारांत उतरतेंच. तें तळाच्या भोकांवाटे बाहेर पडावें अशीच रचना असते, आणि कागद असतो तो पुठ्ठा कोरडा राहावा म्हणून. येथें भोकें चिखलानें बुजलेलीं व दमटपणानें आंतील यंत्र गंजलेलें. तारेनें भोकें मोकळीं केलीं, ग्रीस लाविलें, आणि हँडल तात्पुरतें अडकवून काच दहा वेळां वरखालीं करून पाहिली. फाटलेल्या जागीं मामांनीं मागून ठिगळ चिकटविलें व रात्रभर वाळूं दिलें.

पहाटे प्रत्येक क्लिप भोकासमोर आणून तळहातानें ठोकीत गेलों. ‘टक्’ असा आवाज आला कीं ती बसली. चौथीस हात लावण्याचें धैर्य आम्हांस होईना. “तूंच बसव,” मामा म्हणाले. ती बसली, पण पुढें खडबडीत रस्त्यावर सदा कटकट वाजे. उतारूनें विचारल्यास मामा म्हणत, “भाच्याची सही आहे ती!”

मुंबईंत टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा; त्यामुळें प्रीमिअरच्या कुर्ल्याच्या कारखान्यानें नांवारूपास आणलेली ही पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्यें टॅक्सी म्हणून रस्त्यावरून अखेरची उतरली. मामांची त्यापूर्वींच भंगारांत गेली. जातांना मागील डाव्या दाराचें हँडल आम्हीं काढून घेतलें. पिन कशी निघते, हें आतां ठाऊक होतें.