डोंगर, वस्ती आणि ताळेबंद

राजा दीनदयाळ हे नाव आपल्या समाजात असावे तितके परिचित नाही. मेरठजवळील सरधना येथे १८४४ साली एका जैन जवाहिरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुडकीला अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदूरला नोकरीस लागले, तेथे छायाचित्रणाकडे वळले आणि पुढे सहाव्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले. आपली हिंगोलीही तेव्हा निजामाच्याच राज्यात होती. त्याच राज्यातील दौलताबादची त्यांनी टिपलेली दृश्ये अभ्यासण्याजोगी आहेत.

मैदानातून एकाकी उठलेला, सुमारे २०० मीटर उंचीचा डोंगर; पायथ्याशी तटबंदी, चांद मिनार, पडक्या भिंती आणि झुडपे. पाहताक्षणी मनात येते, डोंगर शाश्वत आणि मनुष्य क्षणभंगुर. आपल्या संस्कारांत हा वैराग्यपर अर्थ सहज सुचतो. परंतु तो अपुरा आहे. डोंगराभोवतीचे उभे कडे मनुष्यानेच तासले आहेत, आतला अंधारा मार्गही त्यानेच कोरला आहे. म्हणजे ज्याला आपण निसर्ग म्हणतो, त्यावरही अनाम पाथरवटांच्या छिन्नीची खूण आहे.

छायाचित्र हे ताळेबंदासारखे असते. ताळेबंद एका तारखेची स्थिती दाखवतो. त्या स्थितीस पेढी कशी पोहोचली, हे जाणण्यासाठी मागील वह्या उघडाव्या लागतात. येथील वह्या सांगतात की, देवगिरी यादवांची राजधानी होती. १३२७ साली मुहंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी येथे आणली. थोड्याच वर्षांत ती परत गेली. १६१० साली मलिक अंबरने जवळच खडकी वसवली. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. पुढे पेठ तिकडे वाढली. किल्ला उभा राहिला, वस्ती मात्र विरळ झाली. तट शत्रूला थोपवू शकतो, गिऱ्हाइकाला धरून ठेवू शकत नाही.

हिंगोलीचा अनुभव याच्या उलट आहे. हैदराबाद कंटिंजंटची येथील छावणी १९०३ मध्ये उठली. तरीही गाव ओस पडले नाही. कारण कापसाचा बाजार होता. आज हळदीचा आहे. फौजेच्या आश्रयापेक्षा शेतकरी, अडत्या आणि व्यापारी यांच्यातील विश्वास अधिक टिकाऊ ठरला.

आपले शास्त्र सांगते की प्रत्येक नय वस्तूचा एकच अंश दाखवतो. कॅमेराही एकाच जागी उभा असतो. त्याने दाखवलेले खरे असते, पण तेवढेच खरे नसते. उरलेला अंश माणसांच्या स्मरणात असतो आणि तो माणसांबरोबरच जातो.

आज सेनगाव, कळमनुरी, वसमतकडील अनेक घरांतील तरुण पुण्या-मुंबईस स्थिरावले आहेत. जुन्या वाड्यांची, दुकानांची, मंदिरांच्या प्रांगणांची छायाचित्रे पेट्यांत पडून आहेत. घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांना विचारून प्रत्येक छायाचित्रामागे गाव, साल आणि माणसांची नावे लिहून ठेवावीत. व्यवहाराची नोंद आपण पिढ्यानपिढ्या चोख ठेवली. वस्तीची नोंदही तितकीच चोख ठेवणे हे आपले कर्तव्य आहे.