स्टुलावर चढायची बंदी

२०२१ साली आमच्या घरात स्टुलावर चढायला बंदी होती. बंदी मी घातली होती, आणि खरं सांगायचं तर ती सासऱ्यांसाठीच होती.

पाडवा १३ एप्रिलला होता. दरवर्षी गुढी अण्णाच उभारतात. बाल्कनीत स्टूल मांडायचं, त्यावर चढून काठी कठड्याला आणि वरच्या गजाला घट्ट बांधायची, आणि खाली उतरून दोन पावलं मागे जाऊन ती सरळ आहे का बघायचं. वय ७६, काही वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, पण अंगात उत्साह मोठा. त्या सकाळी मी स्टूल उचलून आत नेलं.

"अण्णा, यंदा गुढी खिडकीपाशी उभी करू. तुम्ही पडलात तर नेणार कुठे?"

ते काही बोलले नाहीत. खिडकीपाशी आखूड काठीची गुढी उभी राहिली आणि अण्णा दिवसभर पेपरात डोकं घालून बसले.

पुण्यात तेव्हा रात्र रात्र सायरन ऐकू यायचे. दुसऱ्याच दिवशी रात्री ८ वाजल्यापासून राज्यात संचारबंदी लागू झाली. त्यानंतर काही दिवसांतच कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन रेल्वे ऑक्सिजन आणायला विशाखापट्टणमला निघाल्याचं टीव्हीवर बघितलं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांसाठी त्यांची मुलगी जिन्यात उभी राहून एकामागून एक फोन लावत होती. खाट मिळाली, पण रात्र उलटून गेल्यावर. तिचा तो आवाज माझ्या कानातून जात नव्हता.

स्टूल काही गेल्या वर्षीपेक्षा जास्त डुगडुगत नव्हतं. पडण्याची भीती होती तेवढीच होती. पण एरवी खुब्याचं हाड मोडलं तर रिक्षात घालून न्यायचं, दोन दिवसांत ऑपरेशन, असा हिशेब मनात असतो. त्या महिन्यात तो हिशेबच उरला नव्हता. म्हणून मी घरभर फिरून बघायला लागले की कुठे काय होऊ शकतं. कुकरचं जुनं गॅस्केट बदललं. लेकाची सायकल कुलपात गेली. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. नवऱ्याला सांगितलं, भाजी चालत जाऊन आण, स्कूटर नको. गच्चीच्या जिन्यातला दिवा गेला होता, म्हणून त्या वर्षीच्या कुरडया गच्चीऐवजी बाल्कनीत घातल्या.

आणि एवढं सगळं करून भाजलं कोणाला, तर मला! कुरडयांचा चीक ढवळताना एक गोळा उडाला तो थेट मनगटावर. चीक चिकटून बसतो, लवकर निघत नाही. सासूबाई टूथपेस्ट घेऊन धावत आल्या. मी हात नळाखाली धरून वीस मिनिटं उभी राहिले आणि त्या वीस मिनिटं "केवढं पाणी वाया चाललंय" म्हणत शेजारी उभ्या राहिल्या. टूथपेस्ट लावू दिली नाही, याचा राग त्यांना अजून आहे. डाग मात्र राहिला नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. सलून बंद होती, म्हणून एका रविवारी नवरा अण्णांचे केस कापत होता. मध्येच त्याने मला हाक मारली. उजव्या कानाच्या मागे हिरवट-पिवळा डाग होता आणि त्याखाली टेंगूळ.

"हे काय, अण्णा?"

"काही नाही. नळाला लागलं."

बरंच खोदून विचारल्यावर कळलं. बुधवारी पहाटे ते बाथरूममध्ये घसरले होते. डोकं नळावर आपटलं. थोडा वेळ तिथेच बसून राहिले, मग उठून आंघोळ केली आणि बाहेर येऊन चहा प्यायले. चार दिवस कोणालाही सांगितलं नाही. सासूबाईंनाही नाही.

"सांगायचं नाही का?" मी ओरडलेच.

"सांगून काय करणार होतीस? तूच म्हणालीस ना, पडलात तर नेणार कुठे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही फारसं नाही.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी भराभर विचारलं. उलटी झाली का? डोकं वाढत्या प्रमाणात दुखतंय का? नेहमीपेक्षा जास्त झोपतात का? बोलताना शब्द अडखळतात का, चालताना एका बाजूला तोल जातो का? सगळ्याला 'नाही' होतं. मग त्यांनी विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना?" ती चालू होती. मग ते म्हणाले, सीटी स्कॅन आजच करा. या वयात डोक्याच्या आतला रक्तस्राव हळूहळू साठत जातो. माणूस काही दिवस, कधी कधी काही आठवडे ठीक दिसतो.

पण त्या दिवसांत स्कॅन सेंटरला कोण होतं? छातीचा स्कॅन काढायला आलेले, खोकणारे, धापा टाकणारे लोक. अण्णांचा लसीचा एकच डोस झाला होता. मी डॉक्टरांना विचारलं, तिथे नेऊन भलतंच घरी आणलं तर? ते म्हणाले, "दोन मास्क लावा, बाहेर गाडीत बसवा, नंबर आला की आत न्या. छातीत कळ, तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं आणि अशा माणसाच्या डोक्याला मार, याला थांबायचं नसतं. बाकीचं मला फोनवर विचारा."

आम्ही गेलो. दोन तास शेजाऱ्यांच्या गाडीत काचा उघड्या ठेवून बसलो, एप्रिलच्या उन्हात. अण्णा अर्धवट कापलेल्या केसांनी! एका बाजूने भादरलेले, दुसऱ्या बाजूने वाढलेले. त्यांनी एकदाच आरशात पाहिलं आणि म्हणाले, "निदान केस पुरे करू द्यायचे होते."

रिपोर्ट चांगला आला. तरी पुढे बरेच दिवस मी त्यांना रोज सकाळी काहीतरी कारण काढून बोलतं करायची, शब्द नीट येतात का बघायला. त्यांना ते कळत होतं. एकदा त्यांनी न विचारताच सतराचा पाढा म्हणून दाखवला.

घरातल्या बंद्या मग मी कमी केल्या. सायकल सुटली, फक्त हेल्मेट घालून आणि पार्किंगपुरती. बाथरूममध्ये रबरी मॅट आली, नवऱ्याने भिंतीला धरायला दांडी बसवली. आणि अण्णांकडून एक कबूल करून घेतलं, की पडलात तर त्याच मिनिटाला सांगायचं, मी काहीही बोलले असले तरी. तेव्हापासून बाथरूममध्ये बादली जरी आपटली तरी आतून मोठ्याने आवाज येतो, "पडलो नाही गं!"

पुढच्या वर्षी पाडवा २ एप्रिलला होता. सकाळी अण्णांनी बाल्कनीतून हाक मारली, "स्टूल धरायला ये." मी खाली बसून दोन्ही हातांनी स्टुलाचे पाय धरले. त्यांनी गाठ मारली, सोडली, परत मारली. मुद्दाम वेळ लावत होते की काय, कोण जाणे. मधून मधून विचारत होते, "धरलंयस ना?"