बडोद्याच्या सहाणेवर खानापूरचं फणसाळंबे

पावसाळ्यात बडोद्याला जायचा योग आला. बेळगावहून मिरज-पुणे मार्गे रेल्वेने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दांडिया बाजारात मावशीच्या घरी पोहोचले. गायकवाडांच्या काळापासून या भागात मराठी घरं आहेत. घरात मराठी, दारात आलेल्या भाजीवाल्याशी गुजराती. मावशीला कन्नडही येतं. माहेर खानापूरचं ना!

संध्याकाळी कमाटीबागेत गेलो. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी वसवलेली ही बाग. पावसानं हिरवळीवर पांढऱ्याशुभ्र छत्र्या उगवल्या होत्या. मावशीचा नातू ओरडला, "आजी, बिलाडीनो टोप!" गुजरातीत ही मांजराची टोपी. मराठीत आपण कुत्र्याची छत्री म्हणतो आणि कन्नडमध्ये नायिकोडे, म्हणजे तेच. आपल्या दोन भाषांचं कुत्र्यावर तरी एकमत आहे!

अळंबी औषधी असते, असं नातवानं मोबाईलवर पाहिलं होतं. घरी नेऊन वाळवू, पूड करू म्हणाला. मावशीनं त्याचा हात धरला. "यातलं काही घरात येणार नाही."

मी म्हटलं, "मावशी, तू तर टोपलीभर अळंबी आणायचीस!"

"अगं, ती आमच्या शेतातल्या वारुळावरची. दरवर्षी तिथंच उगवायची, आई ओळखायची. इथली माती माझ्या ओळखीची नाही."

मावशीचं खरंच होतं. सुश्रुतसंहितेतही अळंबीचे प्रकार उगवण्याच्या जागेवरून सांगितले आहेत: पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, बांबूवरची, जमिनीवरची. बागांच्या हिरवळीवर उगवणारी एक मोठी पांढरी छत्री खाण्याजोगी दिसते, पण तिनं उलट्या-जुलाबांनी माणूस बेजार होतो. काही जातींचं विष त्याहून वाईट. सहा-बारा तास काहीच जाणवत नाही आणि पुढे यकृत निकामी होतं. ते विष शिजवून जात नाही, वाळवूनही जात नाही. चांदीचा चमचा काळा पडतो का, किड्यानं खाल्लंय का, या परीक्षांवर तर मुळीच विसंबू नये.

घरी आल्यावर मावशीनं बटव्यातून लाकडासारखा एक तपकिरी तुकडा काढला. फणसाळंबे! कुणी फणसोंबाही म्हणतात. जुन्या फणसाच्या खोडावर कपारीसारखं वाढणारं हे अळंबे फेलिनस या गटातलं. सह्याद्रीच्या पट्ट्यात वैदू आणि आज्ज्या ते पिढ्यान्‌पिढ्या वापरत आल्या. आमची अज्जी ते कोयत्यानं काढून घ्यायची, माती-साल झटकायची, सुपात घालून आठ-दहा दिवस कडक उन्हात खडखडीत वाळवायची आणि कापडात बांधून डब्यात ठेवायची. मुलाची लाळ फार गळू लागली किंवा हिरड्या दुखल्या, की ओल्या सहाणेवर चार वळसे उगाळून तो लेप बोटानं हिरडीला लावायचा. हगवणीवरही ते देत.

"नातवाला लावलंस का?" मी विचारलं.

"नाही गं. त्याचं तोंड आलं तेव्हा सूनबाई आधी मुलांच्या डॉक्टरांकडे गेली. मीच पाठवलं. आपल्या वेळी डॉक्टर कोसावर होते, सहाण घरात होती."

तिनं तुकडा नातवाच्या हातात दिला, सहाणेवर पाणी शिंपडलं आणि उगाळायला शिकवलं. लेप कुणाला लावायचा नव्हता. नुसता वास घ्यायचा होता. ओल्या लाकडाचा तो वास येताच मावशी क्षणभर गप्प झाली.

अज्जीनं दिलेला तो तुकडा आता अंगठ्याएवढा उरलाय. निघताना मी म्हटलं, "खानापूरहून दुसरा पाठवू?"

"पाठव. पण बाजारातून नको. ज्यानं झाडावरून काढलंय आणि ज्याला ते झाड ठाऊक आहे, त्याच्याकडूनच घे. आणि पुढच्या मे महिन्यात या पोराला घेऊन जा. ते झाड त्यानं पाहायला हवं."