परसातली माती आणि अम्मीचे पाय

मृग लागला की कोकणातल्या आमच्या घरी अम्मीचा पाय घरात ठरत नाही. भेंडी, पडवळ, अळू, कुंपणाची मेंदी, सगळ्यांवर तिचाच हात फिरायला हवा, तोही अनवाणी. "मातीची कसली भीती? शेवटी तिच्यातच जायचंय," असे हसून म्हणते.

गेल्या पावसाळ्यात तिच्या तळव्यात लिंबाचा काटा मोडला. तिला कळलेही नाही. वुजू करताना पायाची सूज माझ्या मुलीला दिसली. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. काटा रुततो, पण दुखत नाही. आणि दुखत नाही म्हणून जखम आतल्या आत चिघळते.

डॉक्टरांनी काटा काढला आणि विचारले, "धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन कधी घेतले?" अम्मीला आठवले ते माझा धाकटा भाऊ पोटात असतानाचे. तो आता तीस वर्षांचा आहे! आपल्या कितीतरी आया-बहिणींचे असेच असते. बाळंतपणे संपली की इंजेक्शनही संपते.

लोखंडाच्या गंजाने धनुर्वात होतो असा समज आहे. खरे तर त्याचे जंतू मातीत, शेणखतात असतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. खोल, अरुंद जखमेत हवा पोचत नाही, तिथे ते वाढतात. म्हणून भळभळणाऱ्या जखमेपेक्षा काट्याचे बारीक छिद्र कधी कधी जास्त घातक ठरते. जखमेवर शेण, माती, चुना काही लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी. लसीचा डोस दर १० वर्षांनी घ्यावा. जखम मळलेली असेल आणि शेवटच्या डोसला ५ वर्षे उलटली असतील, तर डॉक्टर पुन्हा देतात.

पावसाळ्यात लेप्टोचीही धास्ती असते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून तो जखमेवाटे शरीरात शिरतो. ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर "चिखलात काम केले होते" हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळेवर औषध मिळाले तर माणूस बरा होतो.

अम्मीला आम्ही बागेतून उठवले नाही. त्या बागेतच तिचा जीव रमतो. फक्त गमबूट आणि हातमोजे आणले. रोज संध्याकाळी तिचे तळवे उजेडात पाहण्याचे काम नातीकडे आहे.

तुमच्या घरीही अशी एक अम्मी किंवा दादी असेल. तिने शेवटचे इंजेक्शन कधी घेतले, हे आजच विचारा.