अम्मीची चादर

ऐन जुलैत आमचा ड्रायर बंद पडला. रत्नागिरीचा पाऊस; पडवीतल्या दोरीवर चादर तीन-तीन दिवस ओलीच. अम्मी अंथरुणाला खिळलेली. दिवसातून दोनदा चादर बदलावी लागते. नमाज इशाऱ्याने पढते, पण पाक, कोरड्या चादरीवरच.

जुने मशीन दमट हवा नळीने खिडकीबाहेर टाकायचे. म्हणजे भर पावसात खिडकी उघडी! घेताना हे कुणाच्याच ध्यानात आले नव्हते. या वेळी दुकानात बिननळीचे दोन प्रकार पाहिले. दोन्हींत कपड्यांतले पाणी टाकीत साठते. एक साध्या हीटरचा, स्वस्त. दुसरा हीट पंपाचा; महाग, वेळखाऊ, पण वीज जवळपास निम्मी, आणि ऊबही बेताची. अम्मीच्या विरलेल्या सुती चादरींना तीच बरी.

आम्हा भावंडांत वाद झाला. धाकटा म्हणाला, "एवढ्या पैशांत कामाला बाई ठेवू." बाई मिळेल, ऊन कुठून आणणार? अखेर हीट पंपाचाच घेतला, हप्त्यांवर.

पहिली चादर अंथरली. अम्मीने तिच्यावरून हात फिरवला.

"ऊन पडलं का रे?"

बाहेर धो धो कोसळत होता. आम्ही "हो" म्हणालो.