ताराबाईंचा अंमल

विदूषकमाशांच्या खरेदीत नर-मादी पारखण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण हे मासे जन्मतः सारेच नर असतात आणि सहवासात जो वरचढ ठरतो तोच पुढे मादी होतो. हे ध्यानी घेऊन आम्ही ऑसेलॅरिस जातीची, टाकीतच पैदास झालेली दोन कोवळी पिले आणली. एक अंगाने थोरले, एक धाकटे. दुकानदार मरून जातीचा दिमाखदार मासा अगत्याने पुढे करीत होता. परंतु त्याच्या गालावरचा काटा आणि सबंध कुळात भांडखोर म्हणून असलेली त्याची ख्याती पाहता दिवाणखान्यातल्या लहानशा टाकीत त्यास आश्रय देण्याचे धाडस आम्हांस झाले नाही.

थोरल्याचे नाव आईने ताराबाई ठेवले, तेव्हा ती अद्याप बाई झालीही नव्हती. तथापि पंपाशेजारचा कोपरा तिने आल्याआल्याच वतनासारखा कबजात घेतला. धाकटा समोर आला की ती त्याच्यावर धावून जाई, तो एका कुशीवर कलंडून डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथर कापे, आणि ही शरणागती रुजू होताच ती तोंड फिरवून चालती होई. पाहुण्यांना वाटे, माशाला फेफरे आले. वास्तविक त्या थरथरण्यावरच दोघांचा संसार उभा होता. दबून राहिलेला धाकटा नरच राहतो म्हणून जोडी जमते, आणि दोघे तुल्यबळ असते तर एकाच्या शेपटीच्या चिंध्या झाल्या असत्या. याच कारणास्तव तिसरा मासा आणण्याची धाकट्या भावाची दरखास्त आम्ही दप्तरी दाखल केली.

यथाकाल फरशीच्या तुकड्यावर नारिंगी अंड्यांचा थर दिसू लागला. नर पंखांनी त्यांवर अहोरात्र पाणी खेळवी आणि ताराबाई पहारा करीत. शेवाळ पुसण्यासाठी हात आत घातला की त्या अंगठ्याच्या बेचक्यात नेमक्या चावत, आणि जबड्याची टक्टक् काचेबाहेरही ऐकू येई. आठवडाभरात अंड्यांत रुपेरी डोळे चमकत व दिवे मालवल्यावर पिले बाहेर पडत. त्यांना सूक्ष्म जिवंत खाद्य पुरवून वाढविण्याचा व्याप मात्र मंडपमच्या सागरी मत्स्य संशोधन केंद्रासारख्यांनीच करावा.

पुष्कळ वर्षांनी ताराबाई वारल्या. तेव्हा आयुष्यभर कापत आलेला तो नर काही महिन्यांत अंगाने भरला, मादी झाला, आणि जाळीच्या डब्यात काही दिवस ठेवून मग सोडलेल्या नव्या चिमुकल्या पिलावर त्याच तोऱ्यात धावून जाऊ लागला. ताराबाईंचा म्हणून आम्ही इतकी वर्षे सांगत आलो तो तापटपणा त्यांच्या स्वभावाचा नव्हता, पदाचा होता.

ज्यांना हे मासे पाळावयाचे असतील त्यांनी एकाच जातीची, लहानमोठ्या अंगाची दोनच पिले आणावीत, आणि टाकी साफ करताना रबरी मोजा घालावा.