मागणी रजिस्टरातले गाव

फेब्रुवारी-मार्च आला की पेपरात बातमी येते : अमुक नगरपरिषदेचे इतक्या कोटींचे शिलकी अंदाजपत्रक मंजूर. वाचणारा विचारतो, एवढा पैसा शिल्लक आहे तर आमच्या दारापुढची नाली तुंबलेली का? प्रश्न अगदी रास्त आहे. माझी सगळी नोकरी वाशीम-अकोला पट्ट्यातल्या नगरपरिषदांच्या कर विभागात गेली, आणि हा प्रश्न मला चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे विचारला गेला. त्याचे उत्तर याच पट्ट्यातल्या मंगरूळपीरसारख्या गावाच्या हिशेबातून नीट देता येते.

मंगरूळपीर ही 'क' वर्ग, म्हणजे सर्वांत लहान गटातली नगरपरिषद. दादा हयात कलंदर यांचा दर्गा आणि बिरबलनाथ महाराजांची यात्रा यांमुळे बाहेरचा माणूस इथे कायम येतो. मोतसावंगा धरणातून गावाला पाणी येते. यात्रेच्या गर्दीला पाणी, दिवाबत्ती, साफसफाई द्यायची, रोजचा पंप चालवायचा, तुरटी आणि ब्लिचिंग पावडर घ्यायची, कचऱ्याच्या गाड्यांत डिझेल घालायचे. हा खर्च कुठल्याही योजनेच्या मंजुरीसाठी थांबत नाही.

अंदाजपत्रकातली मोठी रक्कम मात्र योजनांची असते. रस्त्याचा निधी रस्त्यालाच, घरकुलाचा घरकुलालाच. वित्त आयोगाचे अनुदान आले तर त्यातला मोठा हिस्सा 'बंधित', म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांच्याशीच बांधलेला. वर्षअखेरीस यातले जे खर्ची पडत नाही ते आरंभीची शिल्लक म्हणून पुढच्या अंदाजपत्रकाच्या पहिल्या ओळीत बसते आणि आकडा फुगतो. बातमीतली 'शिलकी' बहुतेक वेळा ही असते. त्या पैशातून नाली उपसणाऱ्याची मजुरी देता येत नाही.

पूर्वी जकात होती. नाक्यावर रोज रोख जमा व्हायची आणि मुख्याधिकाऱ्याला पगाराची चिंता नसायची. 1999 साली नगरपरिषद क्षेत्रातली जकात बंद झाली. तिच्या बदल्यात सरकारकडून सहायक अनुदान सुरू झाले, ते पगार-पेन्शनमध्ये जाते. म्हणजे गावाने स्वतः उभा केलेला आणि गावाने स्वतःच्या मर्जीने खर्च करावा असा पैसा उरला तो मुख्यतः मालमत्ता कराचा. जोडीला गाळेभाडे, बाजार फी असे काही. त्यातही महिला-बालकल्याण, दिव्यांग, दुर्बल घटक यांच्यासाठी ठरावीक टक्के राखून ठेवावे लागतात, आणि ते राखलेच पाहिजेत. तुमच्या टॅक्स पावतीवरचा शिक्षण कर आणि दुकानांवरचा रोजगार हमी कर तर नगरपरिषदेचा नसतोच. आम्ही तो गोळा करून शासनाकडे भरतो.

म्हणून माझे ठाम मत आहे : छोट्या गावाचे खरे अंदाजपत्रक सभागृहात वाचले जाते ते नव्हे. ते कर विभागाच्या मागणी रजिस्टरात असते. मागील थकबाकी, चालू मागणी, वसुली, बाकी, एवढे रकाने वाचले की पुढच्या वर्षी गावात काय होणार आणि काय रखडणार ते कळते.

हे रजिस्टर तयार होते आकारणीतून. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हायची असते. घराचे मोजमाप, बांधकाम आरसीसी की विटामातीचे की टिनाचे, वापर राहण्याचा की दुकानाचा, वस्ती कोणत्या झोनमधली, घर किती जुने, यावरून वार्षिक भाडेमूल्य काढतात. त्यातून दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करून करयोग्य मूल्य ठरते. समजा वार्षिक भाडेमूल्य 6,000 रुपये निघाले, तर करयोग्य मूल्य 5,400, आणि कराचे टक्के त्यावर लागतात. गणित चौथीच्या मुलालाही जमेल. अवघड असते ते टेप घेऊन दारात उभे राहणे.

एकदा एका गल्लीत मोजणी चालली होती. खाली जुनी मातीची भिंत, वर नवीन स्लॅबची खोली. रजिस्टरात घर अजून मातीचेच, आणि नाव आजोबांचे, जे कधीच वारलेले. घरातली आजी म्हणाली, "साहेब, वरची खोली तं बंदच हाय. पोरगं पुण्याले हाय, दिवायीले येते फक्त." तिचे म्हणणे खरे होते. शेजारच्या तीन मजली इमारतीच्या खाली दुकान चालू होते, आणि रजिस्टरात ती इमारत निवासी. आजीच्या खोलीवर टेप लावायचा आणि शेजारी मान खाली घालून पुढे जायचे, तर ती वसुली नव्हे, अन्याय. मी दोन्ही मापे लिहिली आणि शेरा मारला. त्यावरून गल्लीत बोलणी खावी लागली, पण माप माप असते.

दुसरा अन्याय थकबाकीत आहे. बिल वेळेत न भरल्यास दरमहा 2 टक्के शास्ती लागते. हजार रुपये थकले की वर्षाला 240 नुसती शास्ती. मोलमजुरी करणाऱ्याचे पाच वर्षे राहिले तर मुद्दलापेक्षा शास्ती मोठी होते आणि तो कर भरण्याचा विचारच सोडून देतो. ऐपत असलेला मात्र अभय योजनेची वाट पाहत बसतो, कारण कधीतरी माफी येतेच हे त्याला ठाऊक असते. दरवर्षी मार्चच्या आत रांगेत उभा राहून भरणाऱ्याच्या हातात काहीच पडत नाही. गरजूंना सूट द्यावी या मताचा मी आहे, पण वेळेत भरणाऱ्याला त्याहून आधी द्यावी.

वसुली कधी सोपी होते तेही सांगतो. निवडणुकीचे अर्ज भरण्याच्या दिवसांत. उमेदवाराला थकबाकी नसल्याचा दाखला हवा असतो, त्यामुळे एरवी जप्तीच्या वॉरंटलाही न डगमगणारी बाकी त्या आठवड्यात रोखीने येते. सूचकही भरतो. पैसा नव्हता असे नसते.

मोजणीसाठी अलीकडे ड्रोनने आणि संगणकावर सर्वेक्षण होऊ लागले. छपराचे क्षेत्रफळ त्यात अचूक येते; छपराखाली दुकान आहे की बंद खोली, ते माणसानेच जाऊन पाहावे लागते.

फेरआकारणीची यादी प्रसिद्ध झाली की हरकतीसाठी मुदत असते. बहुतेक लोक त्याची नोटीस न वाचता खिळ्याला अडकवतात आणि बिल वाढून आले की नगरसेवकाकडे जातात. तेव्हा उशीर झालेला असतो. मुदतीत कार्यालयात जाऊन आपल्या घराचा आकारणी उतारा मागा. लांबी-रुंदी, बांधकामाचा प्रकार, वापर आणि घरमालकाचे नाव, हे चार रकाने स्वतः तपासा, मापे टेप लावून. चूक असेल तर साध्या कागदावर हरकत लिहा, पोच घ्या आणि सुनावणीला जातीने हजर राहा. शेजाऱ्याचे दुकान निवासी लागले असेल तर तेही त्याच अर्जात लिहा. त्याच्या न भरलेल्या करातूनच तुमच्या गल्लीतल्या नालीची मजुरी द्यायची असते.